वेब-अनुप्रयोगाच्या दर्शनी भागाची स्थानिक उभारणी व चाचणी

वेब-अनुप्रयोगाचा जो भाग वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर, त्याची मांडणी, बटणे, तक्ते, अर्ज आणि या सर्वांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली, त्यास दर्शनी भाग किंवा फ्रंट-एंड असे म्हणतात. माहितीचा साठा सांभाळणारा व विनंत्यांना उत्तरे देणारा भाग सामान्यतः दूरच्या सर्व्हरवर असतो. दर्शनी भाग लोकांपुढे ठेवण्यापूर्वी तो रचणाऱ्याने स्वतःच्याच संगणकावर उभा करणे, तेथेच चालविणे आणि तेथेच तपासणे, हे या क्षेत्रातील रोजचे काम होय. ते वरकरणी किरकोळ वाटते; परंतु रचणाऱ्याचे यंत्र आणि वापरणाऱ्याचे यंत्र यांतील अंतर कसे मिटवावे, हा वेबच्या जन्मापासून चालत आलेला प्रश्न त्यात सामावलेला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

पूर्वपीठिका : जिनीव्हानजीकच्या सेर्न या यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली (८ जून १९५५ –    ) यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या व्यवस्थापनाविषयी एक प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पहिला ब्राउझर व पहिला सर्व्हर तयार केला. हे दोन्ही प्रथम एकाच यंत्रावर चालत असत. पान मागणारा आणि पान देणारा संगणक एकच होता. म्हणजे वेबचा जन्मच एका अर्थी स्थानिक होता. हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये, अशी तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. बर्नर्स-ली यांच्या ब्राउझरचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्यात पान वाचता येई तसेच बदलताही येई. लिहिणे आणि पाहणे यांत अंतर नव्हते. १९९१ मध्ये निकोला पेलो यांनी अन्य संगणकांसाठी जो ब्राउझर लिहिला तो केवळ वाचण्यापुरता होता आणि १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी तयार केलेला ‘मोझॅइक’ हा लोकप्रिय ब्राउझरही तसाच होता. वेब जगभर पसरली ती या वाचनयंत्रांच्या रूपाने. लेखन वेगळ्या साधनात आणि दर्शन वेगळ्या साधनात, अशी जी फारकत तेव्हा झाली ती भरून काढण्यासाठी पुढील तीस वर्षे अनेक साधने निर्माण करावी लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

परतीचा पत्ता : संगणकाने स्वतःशीच जाळ्याच्या भाषेत बोलावे, ही सोय वेबपेक्षा जुनी आहे. इंटरनेटवरील पत्त्यांचे व क्रमांकांचे वाटप पाहणारे जॉन पॉस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) यांच्या १९८१ च्या यादीत १२७ या अंकाने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले होते. १९८६ मध्ये जॉइस रेनल्ड्स व पॉस्टेल यांनी सिद्ध केलेल्या यादीत त्यांचा उपयोग स्पष्ट करण्यात आला : अशा पत्त्यावर धाडलेला संदेश तारेवर न जाता त्याच यंत्रात परत फिरावा. यांपैकी १२७.०.०.१ हा पत्ता व त्याचे ‘लोकलहोस्ट’ हे नाव सर्वपरिचित आहे. या एका कामासाठी सु. एक कोटी अडुसष्ट लक्ष पत्ते राखले गेले, ही त्या काळातील उधळपट्टी आज नवलाची वाटते. इंटरनेटच्या पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत याच कामाला केवळ एक पत्ता दिलेला आहे.

पत्त्याबरोबर पोर्टचा क्रमांक लागतो. वेबसाठी ८० हा क्रमांक ठरलेला आहे; परंतु युनिक्स प्रणालीत १०२४ च्या आतील पोर्ट उघडण्याचा अधिकार केवळ यंत्राच्या प्रशासकास असे. सामायिक यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यास वा कर्मचाऱ्यास तो अधिकार नसे. म्हणून ८०००, ८०८० असे मोठे क्रमांक वापरण्याचा प्रघात पडला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रूबी ऑन रेल्स’ने ३००० हा क्रमांक रूढ केला, तर ‘जँगो’ने (२००५) ८००० कायम ठेवला. यंत्राची मालकी वैयक्तिक झाल्यावरही हे क्रमांक टिकून राहिले.

आरंभीची कार्यपद्धती : १९९० नंतरच्या दशकात बहुतेक पाने साध्या फाइलींच्या स्वरूपात असत. साध्या मजकूर-संपादकात फाइल लिहावी, ती डिस्कवरून थेट ब्राउझरमध्ये उघडावी, चूक दिसल्यास दुरुस्त करून पान पुन्हा मागवावे आणि शेवटी ती दूरच्या सर्व्हरवर पाठवावी, अशी रीत होती. ब्राउझरमधून कोणत्याही पानाची मूळ संहिता पाहता येत असल्याने इतरांचे पाहून शिकण्याची मुभा मोठी होती. औपचारिक शिक्षणाशिवाय हजारो लोक या विद्येत आले ते यामुळेच. या पद्धतीत काही उभारावे लागत नसे, हे तिचे बळ होते.

तिची मर्यादा लवकरच उघड झाली. १९९३ पासून सर्व्हरवर आज्ञावली चालवून पान तयार करण्याची सोय आली, १९९५ मध्ये रासमूस लेरडॉर्फ यांची पीएचपी ही साधने व अपॅची हा सर्व्हर प्रसिद्ध झाले आणि अनेक पाने मागणीनुसार घडू लागली. अशी पाने डिस्कवरून थेट उघडली, तर आज्ञावलीचा केवळ मजकूर दिसे. त्यामुळे रचणाऱ्याच्या यंत्रावर सर्व्हर, भाषेचा अर्थबोधक आणि माहितीसाठा असा सारा संसार मांडणे भाग पडले. या घटकांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या मिळविणे हे नवशिक्यास अवघड जाई. ते सर्व एकत्र बांधून देणारा ‘झॅम्प’ हा संच २००२ मध्ये जर्मनीत तयार झाला. भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांना सर्व्हर या वस्तूचा प्रथम परिचय त्यातून अथवा तत्सम संचातून झाला.

जावास्क्रिप्टचा उदयही याच सुमाराचा. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक (४ जुलै १९६१ –    ) यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला. एका संकेतस्थळाच्या आज्ञावलीने दुसऱ्याची माहिती वाचू नये, हा समान-उगमाचा नियमही नेटस्केपच्याच दुसऱ्या आवृत्तीत आला. डिस्कवरील फाइलीस निश्चित असा उगम नसल्याने ब्राउझर तिच्याकडे उत्तरोत्तर अधिक संशयाने पाहू लागले. आजच्या जावास्क्रिप्टमधील मोड्यूल डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात चालत नाहीत, त्याचे मूळ येथे आहे. अगदी लहान पानासाठीही स्थानिक सर्व्हर लागू लागला. म्हणून पायथन भाषेत एका ओळीच्या आदेशाने सुरू होणारा सर्व्हर लोकप्रिय झाला आणि पीएचपीनेही मार्च २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत तो अंगभूत केला.

ब्राउझरांतील भेद : तपासणीचा खरा त्रास मात्र सर्व्हरमुळे नव्हे, तर ब्राउझरांच्या परस्परभिन्न वर्तनामुळे होत होता. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या स्पर्धेत प्रत्येकाने आपापल्या सोयी वाढविल्या. ऑगस्ट २००१ मध्ये आलेली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती स्पर्धा संपल्यामुळे वर्षानुवर्षे तशीच राहिली. मानकांप्रमाणे लिहिलेले पान तीत विस्कटे आणि तिच्यासाठी लिहिलेले पान इतरत्र विस्कटे. त्यात एका विंडोज प्रणालीवर या ब्राउझरची एकच आवृत्ती नांदत असल्याने जुन्या आवृत्त्यांसाठी निराळी यंत्रे बाळगावी लागत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेब स्टँडर्ड्स प्रॉजेक्ट’ या गटाने मानकांचा आग्रह धरला. १९९८, २००५ व २००८ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ‘ॲसिड’ नावाच्या तीन परीक्षा-पानांमुळे कोणता ब्राउझर कोठे चुकतो हे सामान्य वाचकासही डोळ्यांनी दिसू लागले.

दोष शोधण्याची साधने प्रारंभी फारच तुटपुंजी होती. आज्ञावलीत जागोजागी सूचनाखिडकी उघडणारी ओळ घालावी आणि कोणत्या खिडकीनंतर काम थांबले यावरून दोषाचे ठिकाण ताडावे, हा उपाय सर्रास केला जाई. जानेवारी २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी ‘फायरबग’ हे जोडसाधन प्रसिद्ध केले आणि ही स्थिती पालटली. पानाचा कोणताही भाग निवडून त्याची रचना पाहावी, रंग वा अंतर तेथल्या तेथे बदलून परिणाम पाहावा, सर्व्हरकडे गेलेली प्रत्येक विनंती व तिला लागलेला वेळ तपासावा, आज्ञावली मध्येच थांबवून एकेक ओळ चालवावी, हे सारे ब्राउझरमध्येच शक्य झाले. सॉफ्टवेअरच्या इतिहासात मोठमोठ्या भाषांना व प्रणालींना जे मानाचे स्थान मिळते ते या लहानशा साधनासही मिळावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे सर्वच ब्राउझरांनी अशी साधने अंगभूत केली आणि २०१७ मध्ये फायरबगचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

दर्शनी भागाचा विस्तार : एप्रिल २००४ मध्ये गूगलची टपालसेवा आणि फेब्रुवारी २००५ मध्ये तिचे नकाशे आले. पूर्ण पान न बदलता त्याचा हवा तेवढा भाग सर्व्हरकडून आणविण्याचे तंत्र त्यांत वापरलेले होते. त्याचे तांत्रिक मूळ मायक्रोसॉफ्टच्या मार्च १९९९ मधील ब्राउझरात होते. त्यास ‘एजॅक्स’ हे नाव जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये दिले. पूर्वी पानाची सजावट एवढेच ज्याचे काम होते तो दर्शनी भाग आता स्वतंत्र अनुप्रयोगाएवढा वाढला. जॉन रेसिग यांच्या ‘जेक्वेरी’ने (२००६) ब्राउझरांतील भेद झाकले, ‘अँग्युलर’ (२०१०), ‘रिॲक्ट’ (२०१३) आणि ‘व्ह्यू’ (२०१४) यांनी दर्शनी भागाच्या रचनेस शिस्त आणली.

या विस्तारास आवश्यक असणारे कार्यशाळेचे साहित्य अनपेक्षित दिशेने आले. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोम ब्राउझरातील ‘व्ही-एट’ हे जावास्क्रिप्ट-इंजिन ब्राउझरबाहेर काढून ‘नोड’ ही प्रणाली तयार केली. तिचा मूळ उद्देश सर्व्हर लिहिणे हा होता. परंतु ब्राउझरची भाषा आपल्या यंत्रावर ब्राउझरशिवाय चालू शकते, याचा सर्वाधिक लाभ दर्शनी भाग रचणाऱ्यांनी घेतला. आयझॅक श्ल्यूटर यांनी २०१० मध्ये त्यास ‘एनपीएम’ या पॅकेज-व्यवस्थापकाची जोड दिली. अनुप्रयोगास लागणाऱ्या परकीय पॅकेजांची नावे व आवृत्त्या एका लहान फाइलीत नोंदवावयाच्या आणि एका आदेशाने ती सर्व यंत्रावर उतरवून घ्यावयाची, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. आज कोणत्याही दर्शनी भागाची स्थानिक उभारणी बहुधा याच आदेशाने सुरू होते.

सोयीबरोबर परावलंबित्व आले. प्रत्येक पॅकेज दुसऱ्या पॅकेजांवर विसंबून असते, ती आणखी कशावर. दहावीस नावे लिहिली तरी यंत्रावर शेकडो, कधी हजाराहून अधिक पॅकेजे उतरतात. २२ मार्च २०१६ रोजी एका आज्ञावलीकाराने नावाच्या वादातून रागावून आपली २७३ पॅकेजे मागे घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज होते. शब्दाच्या डावीकडे ठरावीक रुंदीपर्यंत रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु ‘बेबेल’सारखी प्रमुख साधने त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबून असल्याने जगभरच्या यंत्रांवर उभारणी अर्ध्यावर थांबू लागली. काही तासांतच ते पॅकेज लेखकाच्या संमतीविना पूर्ववत ठेवण्यात आले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. आवृत्तीचा क्रमांक सैलपणे लिहिण्याची मुभा असल्याने एकाच अनुप्रयोगाची सोमवारी केलेली व गुरुवारी केलेली उभारणी निरनिराळी निघे. ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ हे जे वाक्य या व्यवसायात थट्टेचा विषय झालेले आहे, ते पुष्कळदा अक्षरशः खरे असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकने इतर कंपन्यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केलेल्या ‘यार्न’ने आणि मे २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीने प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती व तिची अंकीय खूण नोंदवून ठेवणारी कुलूप-फाइल आणली, तेव्हा या दोषास आळा बसला.

विकास-सर्व्हर : नव्या जावास्क्रिप्टचे जुन्या ब्राउझरांना समजेल असे रूपांतर करणे आणि शेकडो लहान फाइली बांधून त्यांचे एकच गाठोडे करणे, ही कामे २०१२ पासून ‘वेबपॅक’सारखी साधने करू लागली. टोबिआस कॉपर्स यांच्या या साधनाबरोबर येणाऱ्या विकास-सर्व्हरचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. सर्व्हर फाइलींवर नजर ठेवतो. फाइल बदलताच तो तेवढ्या भागाचे पुन्हा रूपांतर करतो आणि ब्राउझरशी सतत उघड्या ठेवलेल्या जोडणीवरून (या जोडणीचे मानक डिसेंबर २०११ मध्ये ठरले) बदललेला भाग धाडतो. ब्राउझर पूर्ण पान न मागविता चालू अवस्थेत तेवढाच भाग बदलून घेतो. अर्धा भरलेला अर्ज तसाच राहतो आणि बटणाचा रंग मात्र बदलतो. रूपांतरित आज्ञावली वाचण्यास दुर्बोध असल्याने मूळ ओळ कोणती हे सांगणारा नकाशाही सर्व्हर ब्राउझरला देतो. खऱ्या माहितीसाठ्यासाठी केलेल्या विनंत्या तो दूरच्या सर्व्हरकडे वळवू शकतो. त्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने उगम एकच राहतो आणि समान-उगमाचा नियम मोडत नाही.

गाठोडे मोठे झाले की ही व्यवस्था मंदावते. मोठ्या अनुप्रयोगात सर्व्हर सुरू होण्यासच मिनिटभर किंवा अधिक वेळ लागे. २०१७–१८ च्या सुमारास प्रमुख ब्राउझर मोड्यूल स्वतःच समजू लागले होते, मग गाठोडे बांधावेच कशास, हा विचार एव्हान यू यांनी २०२० मध्ये ‘वीट’ या साधनात प्रत्यक्षात आणला. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा होतो; मराठी वाचकास बांधकामातील वीट आठवली तर तीही अगदी अस्थानी नाही. वीट प्रत्येक फाइल मागितली जाईल तेव्हाच रूपांतरित करून देते. क्वचित बदलणारी परकीय पॅकेजे मात्र आधीच बांधून ठेवते. त्यासाठी तिने एव्हान वॉलेस यांचे गो भाषेत लिहिलेले अतिशीघ्र ‘ईएसबिल्ड’ हे साधन वापरले. जुलै २०२२ पासून तिचा पोर्ट ५१७३ आहे : रोमन पाच म्हणजे ‘व्ही’, एक म्हणजे ‘आय’, आणि सात व तीन हे अंक अनुक्रमे ‘टी’ व ‘ई’ यांसारखे दिसतात. फेसबुकने जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले व नवशिक्यांचे आवडते ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आले.

चाचणी : पान तयार झाल्यावर माणसाने प्रत्येक बटण दाबून पाहणे ही चाचणीची मूळ रीत होय आणि तिचे महत्त्व अद्याप संपलेले नाही. परंतु प्रत्येक बदलानंतर शेकडो बटणे दाबणे अशक्य असते. शिकागो येथील थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये कंपनीच्या अंतर्गत वेळ-खर्च नोंदणीच्या अनुप्रयोगासाठी ब्राउझरला यांत्रिकपणे चालविणारे साधन लिहिले, तेच ‘सेलेनियम’. मर्क्युरी या नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीवरून हे नाव विनोदाने पडले, कारण सेलेनियम हे मूलद्रव्य पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा मानले जाते. आरंभीचे सेलेनियम पानातच जावास्क्रिप्ट घुसवून काम करीत असल्याने समान-उगमाच्या नियमात अडकत असे. सायमन स्ट्यूअर्ट यांच्या ‘वेबड्रायव्हर’ने ब्राउझरला बाहेरून आदेश देण्याचा मार्ग काढला, २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र आले आणि जून २०१८ मध्ये ही पद्धत वेबच्या अधिकृत मानकांत समाविष्ट झाली.

अशा पूर्णांग चाचण्या मंद असतात आणि चंचलही असतात. सर्व्हरचे उत्तर येण्यापूर्वीच चाचणी बटण शोधू लागली तर ती अकारण नापास होते. म्हणून चाचणीत मधूनमधून दोन-तीन सेकंद थांबण्याच्या ओळी घालण्याची वाईट सवय लागली. यंत्र संथ असेल त्या दिवशी तेवढा वेळही अपुरा पडे. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीवरील विश्वास उडतो आणि मग खरा दोष दाखविणारी चाचणीही दुर्लक्षिली जाते; चाचणी नसण्यापेक्षा ही अवस्था अधिक धोक्याची आहे. म्हणून लहान घटकांच्या जलद चाचण्या पुष्कळ व पूर्णांग चाचण्या मोजक्या असाव्यात, असा मनोरा माइक कोन यांनी २००९ मध्ये मांडला. घटकांच्या चाचणीसाठी ‘जॅस्मिन’ (२०१०), ‘मोका’ (२०११) व ‘जेस्ट’ (२०१४) ही साधने आली. जेस्टने ब्राउझरऐवजी ‘जेएसडॉम’ हे नोडमध्ये चालणारे ब्राउझरचे सोंग वापरले. ते शीघ्र आहे. पण ते पानाची मांडणी करीत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक बटणाची लांबी-रुंदी शून्य असते. त्यामुळे एखाद्या पट्टीखाली पूर्ण झाकले गेलेले बटणही तेथे खुशाल दाबले जाते आणि चाचणी उत्तीर्ण होते.

खरा ब्राउझर, पण खिडकीविना, ही मधली वाट आरिया हिदायत यांनी जानेवारी २०११ मध्ये ‘फँटम’द्वारे दाखविली. जून २०१७ पासून क्रोम स्वतःच खिडकीविना चालू लागला व फँटमची गरज उरली नाही. त्याच सुमारास ‘सायप्रेस’ने चाचणीचे प्रत्येक पाऊल डोळ्यांदेखत दाखविण्याची सोय केली आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्लेराइट’ प्रसिद्ध केले. गूगलमध्ये ‘पपेटियर’ घडविणाऱ्या चमूतीलच लोक त्यामागे होते. बटण दिसू लागेपर्यंत, स्थिर होईपर्यंत व दाबण्याजोगे होईपर्यंत ही साधने स्वतःच थांबतात. प्लेराइट क्रोमियम, फायरफॉक्स व वेबकिट अशी तिन्ही इंजिने एकाच यंत्रावर चालविते. अनुप्रयोगाचे सुटे घटक मांडून पाहण्यासाठी वापरले जाणारे ‘स्टोरीबुक’ (२०१६) हे साधन श्रीलंकेतील कडीरा या लहान कंपनीतून आले, हे येथे नमूद केले पाहिजे.

या क्षेत्रास मुंबईचेही एक देणे आहे. ब्राउझर व मोबाइल फोन यांच्या असंख्य जोड्या एका माणसाने बाळगणे शक्य नसते. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा व नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत ‘ब्राउझरस्टॅक’ची स्थापना करून खरे ब्राउझर व खरी उपकरणे दुरून भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. रचणाऱ्याच्या यंत्रावरील अप्रकाशित पानही सुरक्षित बोगद्यातून या उपकरणांवर पाहता येते.

देवनागरीची कसोटी : रचणाऱ्याचे यंत्र व वाचकाचे यंत्र यांतील अंतर मराठी वाचकाने इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सोसले आहे. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून (१९९१) होती. तथापि अक्षरे जोडून दाखविण्याची क्षमता मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत विंडोज २००० मध्ये प्रथम आली. त्यासाठीचा ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीत ही सोय होती, पण भारतीय लिपींसाठी ती मूळ तबकडी घालून मुद्दाम चालू करावी लागे. परिणामी रचणाऱ्याच्या यंत्रावर सुबक दिसणारे मराठी पान सायबर कॅफेतील यंत्रावर विस्कटलेले दिसे : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येई आणि जोडाक्षरे हलन्त चिन्हांसह सुटी पडत. ही अडचण टाळण्यासाठी मराठी वृत्तपत्रांच्या अनेक संकेतस्थळांनी युनिकोडऐवजी स्वतःचे खास टंक वापरले. ते मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये आपोआप उतरत, इतरत्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे, आणि असा मजकूर शोधयंत्रांना वाचताच येत नसे. त्या वर्षांतील पुष्कळ मराठी लेखन यामुळे शोधाच्या कक्षेबाहेर राहिले.

अलीकडील काळात हा दोष चाचणीच्या साधनांत लपतो. नोडच्या तेराव्या आवृत्तीपर्यंत (ऑक्टोबर २०१९) त्यात सामान्यतः केवळ इंग्रजीच्या संकेतांची माहिती अंतर्भूत असे. मराठी पद्धतीने संख्या दाखविण्यास सांगितल्यास क्रोममध्ये ‘१,२३,४५६’ असे देवनागरी अंक व लाखाचे गट मिळत. तीच आज्ञावली नोडमधील चाचणीत रोमन अंक आणि हजारांचे गट देई. म्हणजे चाचणी उत्तीर्ण व्हावी म्हणून उत्तर तसे लिहिले, तर खऱ्या पानाचीच चूक मान्य केल्यासारखे होई. ‘क्षि’ या एका अक्षराची लांबी जावास्क्रिप्ट चार मोजते. अक्षरे माणसाच्या समजुतीप्रमाणे वेगळी करणारी सोय क्रोममध्ये २०२० मध्ये, तर फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आली. आणि युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार तीही ‘क्षि’चे दोन तुकडे करी. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने नियम बदलून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरले. अर्जात नावाला किती अक्षरांची मर्यादा ठेवावी, या साध्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने यंत्रातील आवृत्तीवर अवलंबून राहते. पेटीबंद लिनक्स प्रणालीवर खिडकीविना काढलेल्या चित्रांत टंकाच्या अभावी सर्व मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि दोन चित्रांतील चौकोन सारखेच असल्याने तुलना करणारे साधन समाधान व्यक्त करते.

स्थानिक यंत्राची सुरक्षितता : स्वतःशीच बोलणारा पत्ता तारेवर जात नसल्याने ब्राउझर त्यास विश्वासार्ह मानतात, ज्या सोयी एरवी सांकेतिक जोडणीवरच मिळतात, त्या लोकलहोस्टवर तशाच मिळतात. नावांच्या बाबतीत मात्र गाफिलपणा महागात पडला. अनेक आज्ञावलीकार आपल्या यंत्रावरील पानांना ‘.डेव्ह’ने संपणारी मनाची नावे देत. हे नामक्षेत्र गूगलच्या ताब्यात गेले होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने त्यास सांकेतिक जोडणी सक्तीची केली, तेव्हा ती सर्व पाने एका रात्रीत उघडेनाशी झाली. वस्तुतः ‘.टेस्ट’ व ‘.लोकलहोस्ट’ ही नामक्षेत्रे याच कामासाठी १९९९ पासून राखून ठेवलेली होती.

याहून गंभीर प्रश्न परकीय पॅकेजांचा आहे. पॅकेज यंत्रावर उतरताच त्यातील आज्ञा आपोआप चालविण्याची सोय एनपीएममध्ये होती. म्हणजे पान पाहण्यापूर्वीच अनोळखी व्यक्तीची आज्ञावली रचणाऱ्याच्या यंत्रावर त्याच्याच अधिकाराने चाललेली असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या बहुवापराच्या पॅकेजात चोरीची आज्ञावली आढळली; मूळ लेखकाने कंटाळून त्याची देखभाल एका अपरिचितास सोपविली होती आणि त्या अपरिचिताचा रोख एका विशिष्ट बिटकॉइन-पाकिटावर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तर पॅकेजांतून पॅकेजांत स्वतः पसरणारा कृमी एनपीएमवर आढळला. तो रचणाऱ्याच्या यंत्रावरील गुप्त किल्ल्या चोरी आणि त्याच किल्ल्यांनी त्याच्या अन्य पॅकेजांत शिरे. ‘पीएनपीएम’ या पर्यायी व्यवस्थापकाने जानेवारी २०२५ मधील दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे या घटनेच्या आधीच, परकीय पॅकेजांच्या अशा आज्ञा स्पष्ट परवानगीवाचून चालविणे बंद केले होते.